नववा खंड

पहिला घेतला तो चुकून.
राम मारुती रोडच्या फुटपाथवर, ढिगातून, साठ रुपये.
उघडला आणि वाटलं, बांधताना गडबड झालीय.
विकणारा म्हणाला, ताई, जपानी आहे,
ते शेवटाकडूनच सुरू होतं.

तेव्हा मी एकोणीस. आता एकतीस.
तेवीस खंड आहेत एकूण,
बंदरावर माशांचा लिलाव पुकारणाऱ्या मुलीचे.
तिसऱ्यातच तिचा आवाज बसतो,
पुढचे वीस खंड ती नुसत्या बोटांनी भाव करते.

दुसरा, तिसरा पहिल्या पगारातून.
चार ते आठ राबोडीच्या तौफीकचे,
कतारला निघाला होता, बॅगेत मावेनात.
पैसे सावकाश दे म्हणाला, पण सेट फोडू नकोस.
अकराव्यावर कुठल्याशा शाळेचा शिक्का
आणि पान चाळीसवर हळदीचा अंगठा.
नऊ नाही.
नवाची छपाईच थांबलीय म्हणतात.
एकजण सहा हजार सांगतो
आणि फोटो पाठवतो, तोही धूसर.

किसननगरची आमची खोली.
आईनं साड्यांचा एक खण मोकळा करून दिला,
चित्रांची का होईना, पुस्तकंच ना, म्हणाली.

बाबा वागळे इस्टेटात बाइंडर, छत्तीस वर्षं.
रजिस्टरं, पावतीपुस्तकं, शाळेच्या वह्या.
घडीच्या मशीनकडचा कान गेला, दुसरा आहे.
त्यांनी सातवा खंड हातात घेतला.
वाचला नाही, वाकवला.
कण्याला नख लावलं, वास घेतला.
"नुसता गोंद. शिवण नाही. पाच वर्षं काढील."
आणि रविवारी आरी, दोरा, खळ घेऊन बसले.

चटईभर माझी बारा वर्षं सुटी झालेली,
मी फॅन बंद करून उभी.
एका चौकटीवर बोट ठेवून म्हणाले, ही वेडीवाकडी अक्षरं कसली?
आवाज आहेत, म्हटलं. हा दार आपटल्याचा.
हा बर्फाची लादी फुटल्याची.
आणि हा? रिकाम्या खोलीत, पोरीच्या डोक्यावर?
तो काहीच आवाज नसल्याचा.
बाबा चांगला कान तिकडे करून
बराच वेळ ती अक्षरं बघत राहिले.

पाचव्याचा पुठ्ठा सवयीनं आपल्या बाजूनं चढला.
उघडला की आधी निरोप, मग ओळख.
तसाच राहू दिलाय.

बावीस झाले. मधे फट.
दहावा आठव्यावर रेलायचा,
आणि बाबांना कललेली रांग बघवत नाही.
उरलेल्या लेजर कागदाचा त्यांनी एक खंड बांधला,
तेवढाच जाड, तेवढाच उंच, आत कोरा.
कण्यावर सोनेरी ठसा: ९.
फटीत सरकवला आणि वर एक थाप दिली,
पूर्वी गठ्ठ्याला द्यायचे तशी.

गेल्या महिन्यात खरा नववा मिळाला.
वाशीला, प्रदर्शनाचा शेवटचा दिवस,
पोरगा खोके भरत होता, चारशे म्हणाला,
मी घासाघीसही केली नाही, कळेल म्हणून.

घरी आले तर जागाच नाही.
कोरा काढला. आपल्या बाजूनं उघडला, कोरा.
तिकडून उघडला,
तर बाबांचं अक्षर.
गॅस लावला, चौदा ऑगस्ट. मीटर ४०७१८.
टाकी धुतली. वाण्याचे तीनशे दहा बाकी.
शलाकाची रात्रपाळी, आतली कडी लावू नये.
बावीस पानं, उजवीकडून डावीकडे,
एकही तारीख चुकलेली नाही.
मधल्या एका पानावर दुसरं काही नाही,
फक्त ती अक्षरं, बॉलपेननं गिरवलेली, जरा थरथरत,
काहीच आवाज नसल्याची.
खाली तारीख.

खरा नववा सध्या माझ्या उशाशी आहे, न वाचलेला.
कपाटातला हलवता येत नाही.
परवाच आई स्वयंपाकघरातून ओरडली,
अगं, नऊ नंबरात बघ जरा,
सिलेंडर कधी लावला होता?